वारा पडला तरी थांबा

पिंपरीला समुद्र नाही. तरी तांडेलांना दिवसातल्या कुठल्याही वेळी विचारा, ते सांगत, "आता भरती लागली असंल," नाहीतर, "आता पाणी ओसराय लागलं." नव्यानंच उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते, पण कारखान्याच्या भोंग्यापेक्षा त्यांचा तिथीवर भरवसा जास्त. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायचं आणि सांगून टाकायचं. ते खरं की खोटं हे आम्ही बाजरीच्या शेतांत वाढलेली माणसं काय ताडून पाहणार?

मी त्या वेळी चिंचवडच्या पोस्टात तारबाबू होतो. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं आणि कारखान्यांच्या ओढीनं चहूकडची माणसं इकडं येऊन राहत होती. तांडेल कोकणातल्या जयगडचे. गलबतावर ज्याचा हुकूम चालतो तो तांडेल. तेच नाव त्यांना इथंही चिकटलं. बायको लवकर गेलेली. तिकडं गावी घरी मुलगा दामू आणि धाकट्या भावाची विधवा. तिनंच दामूला लहानाचा मोठा केला होता. दामू आता पंचविशीचा, स्वतःच्या होडीवर मासेमारी करणारा.

आमची पवना त्यांना कधी पसंत पडली नाही. "ही कसली नदी, मास्तर? रोज एकाच बाजूला जाते. हिला परत यायचं म्हाईत नाय."

पत्र टाकायला आले की खिडकीपाशी कुणाच्या तरी पार्सलाची दोरी सोडून ते ती पुन्हा बांधून देत. "गाठ अशी पायजे, की वाऱ्याला सुटू नये आणि माणसाला सुटावी." लोक हसत, पण पार्सल त्यांच्याच हाती देत. एवढा हाडाचा दर्यावर्दी बॉयलरपुढं कोळसा का ओढतो, असं मी एकदा विचारलं. "पुरे झाला समुद्र," म्हणाले आणि वहाणा घालून निघून गेले. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

त्या साली दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. चिंचवडावरही आभाळ भरून आलं होतं. सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच तांडेल पायरीवर उभे. स्टेशनसमोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर ऐकून ते तडक आले होते: रात्री गोव्याच्या किनाऱ्याला वादळ लागलं आणि आता किनारा धरून वर सरकतंय.

"जयगडला तार लावा. दामूला. वारा पडला तरी होडी काढू नको, म्हणावं."

"वारा पडल्यावर कसली भीती?" मी विचारलं.

"वादळाचं पोट पोकळ असतं, मास्तर. आधी वारा डोंगराकडनं येतो, बांधलेल्या होड्या तोडून आत दर्यात नेतो. मग एकदम पडतो. ऊनसुद्धा येतं. माणसांना वाटतं, गेलं. होड्या आणायला पोरं पाण्यात उतरतात. आणि मग तोच वारा समुद्राकडनं येतो."

मी पुण्याला विचारलं. रत्नागिरीची लाइन पहाटेपासून बंद होती, आणि जयगडची तार रत्नागिरीवरूनच जायची. मी नकारार्थी मान हलवली. तांडेल खिडकीची फळी धरून उभे राहिले. जरा वेळानं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरू लागला.

"जयगडला ते आता पोचलंच. दुपारी दाभोळ. मागनं हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन. तिथली लाइन हाय?"

"आहे."

"मग तिथं लावा. हेच लिवा."

"तिथं कोण आहे तुमचं?"

"माझं कोण नाय. माणसं हायत."

पिंपरीच्या बॉयलरवाल्याची तार वाचून दर्याकाठी कोण थांबणार? मी चारही तारा तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे लिहिल्या आणि खाली तांडेलांचं नाव न घालता 'तारबाबू, चिंचवड' असं घातलं. मला तसा अधिकार नव्हता. आमच्या पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

तांडेल कामावर गेले नाहीत. दिवसभर पोस्टातल्या बाकावर बसून राहिले. तारा पोचल्याचं चारही गावांहून कळलं. दुपारी दाभोळ मुकं झालं. "आलं तिथं," तांडेल म्हणाले. तासाभरानं हर्णैची लाइन गेली. प्रत्येक गावाच्या वेळी ते अंग आखडून बसत, जणू तिथल्याच वाळूत उभे आहेत. मग माझ्याकडं न बघता बोलू लागले.

"माझ्या भावाला मी पाठवलं होतं, मास्तर. असंच पोकळ ऊन पडलं होतं. मी म्हटलं, जा, होडी घेऊन ये, वारा गेला. तो म्हणत होता, थांबू या. मी ओरडलो त्याच्यावर." त्यांचा अंगठा पुन्हा पेरांवर फिरला. "घरी येऊन सांगितलं, मी नको म्हणत होतो, तोच हट्टानं गेला. आज अठरा वर्सं त्याची बायको हेच धरून बसलीय."

"आणि दामू? त्याला या वाऱ्याचं ठाऊक आहे ना?"

"आमच्याकडं असलं वादळ पिढीतनं एकदा येतं. त्याला कुठनं ठाऊक असणार? वाऱ्याचं सांगायचं, तर बाकीचं पण सांगावं लागलं असतं."

मी पुन्हा तारेच्या यंत्राकडं वळलो.

रत्नागिरीची लाइन चौथ्या दिवशी जोडली गेली. जयगडची तार माझ्याच हाताखाली उतरली. एकेक अक्षर येत होतं आणि पुढचं येऊ नये असं वाटत होतं. ती शिपायाकडं न देता मी स्वतः पिंपरीला चालत गेलो. बॉयलरच्या दारात मला पाहून तांडेलांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"होडी आणायला गेला होता?"

मी हो म्हटलं. त्यांनी तार मागितली नाही. अंगावरची राख झटकत राहिले, जिथं राख नव्हती तिथूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या टपालात हर्णैच्या पोस्टमास्तरांचं पत्र आलं. त्यांनी तार किनाऱ्यावरच्या पुळणीवर, वाळूत उभं राहून मोठ्यानं वाचली होती. वारा पडला तेव्हा काही तरुण निघाले, पण बायका त्यांना आडव्या झाल्या. होड्या फुटल्या, माणसं सगळी घरी होती. गावी निघालेल्या तांडेलांना पोचवायला मी स्टेशनवर गेलो, तेव्हा ते पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. "बरं झालं," म्हणाले, आणि तोंड फिरवून रुळांकडं पाहत राहिले.

गाडीला अवकाश होता. अचानक म्हणाले, "मास्तर, भावाच्या बायकोला एक पत्र लिवून द्या. खरं काय झालं ते." मी खिशातून कागद काढला. पेनचं टोपण उघडलं तोच त्यांनी माझा हात धरला. "नको. कागदामागं लपणं झालं ते. तोंडानं सांगतो." गाडी आली तसे ते चढले. पुन्हा पिंपरीला आले नाहीत.

चार-पाच महिन्यांनी जयगडहून एक पोस्टकार्ड आलं. भावजयीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं:

"भावजींनी सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं असंही सांगितलं. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही मी त्यांच्याशी बोलले नाही. ते ओसरीवरच बसून होते. तिसऱ्या दिवशी मी भाकरी केली आणि त्यांना आत जेवायला बोलावलं."