म्हैसमाळच्या पठारावर दोन बोटं जास्तीची तार

नाशिकहून निघाले तेव्हा गाडीच्या टपावर या वेळी माझं ग्लायडर नव्हतं. डिकीत मोजपट्टी, बारीक पोलादी तारेचं भेंडोळं आणि तारेच्या टोकाला नळी दाबून बसवायचं अवजार, एवढंच सामान. विश्वासचा फोन आला होता. त्याला पुन्हा उडायचं होतं, पण ग्लायडरला हात लावायची हिंमत होत नव्हती.

विश्वास आणि सिद्धार्थ दोघेही उस्मानपुऱ्यातले, वाळूजला एकाच कारखान्यात नोकरीला. दोघांनी मिळून एकाच बनावटीची दोन जुनी हँग ग्लायडर घेतली होती. उन्हाळ्यात म्हैसमाळवरून उडताना सिद्धार्थचं ग्लायडर हवेत नाकावर पालथं झालं आणि मोडलं. तो गेला. हवा वाईट होती, असं सगळे म्हणाले.

येवला, वैजापूर करत दुपारपर्यंत पोचले. उस्मानपुऱ्यात साधी, स्वच्छ खोली सहज मिळते. रात्री नान-खलिया खायचा तर शहागंजकडे जा. मी मात्र विश्वासकडेच जेवले. बाजरीची भाकरी आणि ठेचा.

सकाळी लवकर निघालो. उशीर केलात तर दौलताबादला किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यात बसगाड्यांमागे अडकून पडाल, आणि टपावर ग्लायडरची लांबलचक पिशवी असेल तर फारच पंचाईत. आमच्याबरोबर सिद्धार्थची बायको करुणा होती. येऊ नका, असं विश्वासनं तिला दोनदा सांगून पाहिलं. ती मागच्या सीटवर जाऊन बसली होती.

खुलताबादच्या पुढं घाट चढून पठारावर आलो. गवत वाळलेलं, वारा मंद. ग्लायडर उभं केलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्रिकोणी पंखाच्या वर एक छोटा खांब असतो. त्याच्या टोकापासून बारीक तारा पंखाच्या मागच्या कडेला जातात. नाक फार खाली गेलं की या तारा ताणल्या जातात, मागची कड वर धरून ठेवतात आणि नाक पुन्हा वर येतं. तारा सैल असतील तर नाक खाली जातच राहतं. वैमानिकाला हे हातातल्या दांड्यात कळतं. दांडा छातीकडे ओढला, म्हणजे नाक खाली नेलं, की दांड्यानं उलट जोर करायला हवा. ओढावा तसा तो हलका होत गेला तर ते ग्लायडर उडवायचं नाही.

हे मी विश्वासशी बोलत होते. करुणा मधेच म्हणाली, "ते सांगायचे मला. दांडा लई हलका झालाय, आता मस्त पळतंय म्हणून. खूश होते."

मी एकेक तार बनवणाऱ्याच्या मापाशी ताडून पाहिली. प्रत्येक तार दोन-दोन बोटं लांब निघाली.

तारा कधी बदलल्या, असं मी विचारलं. विश्वास गवतात बसला. जुन्या तारा गंजल्या होत्या, म्हणून त्यानंच शहरातून तार आणून दोन्ही ग्लायडरना नव्या करून बसवल्या होत्या. माप घेतलं होतं जुन्या तारांचं. त्या वर्षानुवर्षं ताणून लांबलेल्या होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही. सिद्धार्थनंही मोजून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ह्यांच्याबी अशाच होत्या?" करुणानं मला विचारलं.

मी होय म्हणाले. मोडलेल्या ग्लायडरच्या तारा पाहिल्याशिवाय खात्री देता येणार नाही, असंही म्हणता आलं असतं. पण तसं म्हणाले नाही.

ती विश्वासकडे बघत राहिली. मला वाटलं, ओरडेल. ती उठून गाडीकडे गेली आणि पाण्याची बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली. मग आमच्याकडे पाठ करून दरीकडे तोंड करून बसली.

नव्या तारा मीच कापल्या, टोकांच्या नळ्याही मीच दाबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा शांत असताना, मी ते ग्लायडर उडवलं. भरपूर उंची राखून दांडा थोडा थोडा ओढत गेले. दर वेळी तो जास्त जोरानं माझे हात पुढं ढकलत होता. खाली शेतात उतरले तेव्हा विश्वास धावत आला आणि त्यानं फक्त डोळ्यांनीच विचारलं. दांडा ढकलतोय, असं मी सांगितलं. तोंड फिरवून तो रडला. चांगली बातमी देऊन एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

निघताना करुणानं मला दारात थांबवलं. "तुम्ही लिहिता ना ताई? मग हवा वाईट होती असं लिहू नका. लोकं तेच म्हणतात आन् तारा न मोजता तसेच उडतात."

घरी येऊन आता बरेच आठवडे झाले. विश्वास अजून उडालेला नाही, ग्लायडर विकलेलंही नाही. पठाराचं पिवळं गवत, दौलताबादची गर्दी हे सगळं पुसट होत चाललंय. दांड्याचा तो जोर मात्र तळहातात तसाच आहे, आणि दर वेळी पाठोपाठ सिद्धार्थच्या हातातला हलका दांडा आठवतो.

हे लिहून झाल्यावर विश्वासला फोन केला. तुझं नाव गाळते, म्हणाले.

"नाय," तो म्हणाला. "सिद्धूचं लिहिलंय ना? मग माझंबी राहू द्या."