पाळीचा व्हॉल्व्ह

पहिली चपराक बसली तेव्हा लॅपटॉप मांडीवर होता. तो पडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरला, त्यामुळं दुसरी चुकवता आली नाही. ओठ फाटला.

मारणारा खालच्या भावकीतला. कवठे महांकाळकडं एका सामाईक टाकीवर दोन भावक्यांच्या द्राक्षबागा भिजतात, वरची आणि खालची. आधी एक म्हातारा पाळीप्रमाणं हातानं व्हॉल्व्ह फिरवायचा. पाळीच्या भांडणात त्याचंच डोकं फुटलं, तेव्हा दोन्हीकडच्यांनी आमच्या कराडच्या वर्कशॉपमधनं यंत्र बसवून घेतलं. त्याच्या डब्यातला सर्किट बोर्ड मी बनवलेला. यंत्र कुणाचा चुलता नसतंय, असं मीच त्यांना ऐकवलं होतं.

आता पाळी खालच्यांची आणि व्हॉल्व्ह वरच्यांकडं उघडा. यंत्र गप्प.

"वरल्यांच्यात च्या पिऊन आलास न्हवं? मग पानी बी त्यांलाच."

चहा प्यालो होतो हे खरं. वाटेत त्यांचंच घर आधी लागतं.

मी कोरेगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. पळालो असतो तर त्यांनी यंत्र दगडानं ठेचलं असतं आणि व्हॉल्व्ह परत माणसाच्या हातात गेला असता. म्हणजे परत कुणाचं तरी डोकं. रक्त थुंकलो आणि लॅपटॉपची केबल यंत्राला जोडली.

वीज आली की यंत्रात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. पहिल्या टप्प्याचा बूटलोडर. मेमरी जागेवर आणायची आणि मोठ्या प्रोग्रॅमला आत बोलवायचं, एवढंच त्याचं काम. तोच मेमरीपाशी अडकत होता. वर्कशॉपात मात्र कधीच अडकला नव्हता. बघत होतो तोवर लाइट गेली.

लाइट आली. त्याच क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम गुरगुरल्या. प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच, कारण दुसऱ्याच्या आधी आपली मोटार लागली पाहिजे. डीपीवर, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरवर, एवढा भार पडला की विजेचा दाब कोसळला, आणि नेमका तेव्हाच माझा बूटलोडर मेमरी तपासत होता. स्क्रीनवर एक ओळ उमटली आणि थांबली.

ऑटो स्विच काढा, असं मी दोन्हीकडच्यांना सांगितलं. वरचे म्हणाले, आधी खालच्यांनी काढावेत. खालचे म्हणाले, आधी वरच्यांनी. त्यावरून खोरी निघाली. एकाच्या मनगटाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज. कुणी सोडवायला गेलं नाही. मीही नाही.

डीपीच्या खांबाला पाठ लावून मी प्रोग्रॅम बदलला: आधी दाब मोज, तो ठरेपर्यंत मेमरीला हात लावू नको. बोर्डात भरला. तोवर लाइट परत गेली होती, ती यायची वाट बघत बसलो.

लाइट आली. मोटारी गुरगुरल्या. स्क्रीन काळी. मला मारणारा खोरं घेऊन मागं उभा होता, त्याचा श्वास मानेवर लागत होता. मग ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी, तिसरी. व्हॉल्व्ह करकरत खालच्यांकडं फिरला.

तेवढ्यात वरच्यांकडून धोंडा आला, यंत्राच्या डब्याच्या रोखानं. मी आडवा आलो. तो खांद्यात बसला.

"सरक की रं," वरून कुणीतरी ओरडलं. "तुला न्हाई मारायचं."

मी सरकलो नाही. खालच्यांच्या चरीतनं पाणी वाजायला लागलं होतं. मला चपराक देणारा माझ्या अंगावरून पुढं झाला आणि दुसरा धोंडा त्यानं खोऱ्यावर घेतला.