टॉवेलवरचं परकं अक्षर

“नाव नका टाकू आताच. तिकडून कळवणार हायेत,” आत्या भांडीवाल्याच्या कानाशी लागून म्हणाली.

मी दोन पावलांवर डब्यांची झाकणं लावून बघत होते. गेवराईच्या त्या दुकानात माझ्या लग्नाची भांडी घेणं चाललं होतं आणि नाव टाकायचं मशीन हातात धरून तो माणूस थांबला होता. बिननावाचं पातेलं मांडवात गेलं की परत येत नाही, मग माझ्याशी भांडायला येऊ नका, असं तो म्हणाला. आत्या हसली. मला पटकन विचारता येत नाही. मी बघून ठेवते.

तिकडून म्हणजे वडवणीहून, माझ्या होणाऱ्या सासरहून, एवढं समजलं. काय कळवणार, ते समजेना. ‘सप्रेम भेट’च्या ओळीत कुणाचं नाव आधी यावरून आमच्याकडे रुसवे होतात, तसलं काही असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण तेवढ्यासाठी कुणी कानाशी लागत नाही.

भांड्यांवरची नावं मी लहानपणापासून वाचत आले. शाळा इंग्रजी, त्यामुळे जोडाक्षरं मी पातेल्यांवर शिकले. कार्यात चार घरांची भांडी एक होत आणि दुसऱ्या दिवशी बायका नावं वाचून ती वेगळी करत. जुन्या पितळी भांड्यांवर छिन्नीनं ठोकलेल्या टिंबांची नावं असत. आई ती घासता घासता बोटांनीच ओळखायची. माझ्या शाळेच्या रुमालावर तिनं साखळीटाक्यानं तीन इंग्रजी अक्षरं भरली होती: माझं, वडिलांचं, आडनावाचं. पुढे हॉस्टेलवर तीच गोष्ट फॅशन झालेली दिसली. पर्स, बाटली, मोबाईलचं कव्हर, सगळ्यावर मुली सोनेरी अक्षर करून घ्यायच्या. मीही एक पाऊच करून घेतला. तोंड न उघडता नाव सांगता येतं, हे माझ्यासारखीला बरंच होतं.

आठवड्यानं वडवणीहून पार्सल आलं. दोन पांढरे टॉवेल, ऑनलाइन मागवलेले, कोपऱ्यात निळ्या रेशमानं भरलेली अक्षरं. एकावर माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं अक्षर. दुसऱ्यावर ‘आर’. माझ्या नावात कुठंच आर नाही.

मी धागा निरखला. नवाच होता. तरी मनात आलं, आधी त्यांचं दुसरीकडे कुठं जमलं असेल, मोडलं असेल, आणि टॉवेल तसेच राहिले असतील. त्यांच्या ऑफिसच्या फोटोंत आर अक्षराच्या दोन बायका सापडल्या. त्यातली एक पन्नाशीची होती, तिला मी सोडलं. दुसरीचे कपडे, हसणं, ती कुणाच्या शेजारी उभी आहे, सगळं मोठं करून पाहिलं. फोनवर त्यांनी जेवणाचं विचारलं, तेव्हा त्यातही काहीतरी लपवल्यासारखं वाटलं.

पण खटकली ती आई. तिनं टॉवेल पाहिले आणि तिला नवल वाटलं नाही. अक्षर आत जाईल अशी घडी घालून तिनं ते कपाटात ठेवले.

दोन दिवसांनी मी विचारलं, ते अक्षर कुणाचं.

“तुझंच,” आई म्हणाली. “लग्नात नाव बदलायचं ठरलंय त्यांच्याकडं. नवं नाव कळवायच्या आधीच टॉवेल आले, घाई झाली त्यांची.”

साखरपुड्याच्या दिवशीच बोलणं झालं होतं. आत्याला माहीत होतं, वडिलांना माहीत होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, हे मीही पाहिलं होतं. फोटोपुरतं असतं, असं मात्र मीच ठरवून टाकलं होतं. मी आईला म्हटलं, तुझं? ती म्हणाली, माझंही बदललंच की. मग तिनं माळ्यावरचा, माहेरून आणलेला एक तांब्या काढून दाखवला. त्यावरचं नाव मी शंभरदा वाचलं होतं आणि शेजारणीचा तांब्या परत करायचा राहिला असेल, असं धरून चालले होते.

शाळेच्या रुमालावरच्या त्या तीन अक्षरांत माझं म्हणावं असं एकच होतं.

दुपारी नणंदेचा फोन आला. आत्यानं तो स्पीकरवर टाकून आमच्यामध्ये ठेवला. टॉवेल आवडले का, असं नणंदेनं हसत विचारलं आणि लगेच नव्या नावानं हाक मारली. लाजती हो ती, असं आत्या तिला म्हणाली. नणंदेनं पुन्हा हाक मारली, जरा लाडात. आई माझ्याकडे बघत होती, आत्या कोपरानं ढोसत होती. तिसऱ्यांदा हाक आली.

“ताई,” मी म्हणाले, “या नावाला मी ओ देणार नाही.”