कोरमंगलाला राहिलेली दोन घमेली

सर्जापूर रोडवर त्या सकाळी मी भलत्याच शेतातली माती लॉरीत भरून पाठवून दिली... नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं होती, हे आज सांगितलं तर लोक हसतात.

शाळा अर्धवट सोडून, चार गावं फिरून मी बेंगळुरूला पोचलो होतो. एकही काम माझ्याकडे महिनाभर टिकायचं नाही... की मीच कामाकडे टिकायचो नाही, काय म्हणायचं ते म्हणा. त्या वेळी एका नर्सरीत होतो. नव्या बंगल्यांच्या बागांसाठी माती पोचवायची.

एका विकलेल्या शेतात लेआउट पडत होता, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडत होते. बांधाच्या अलीकडची माती उचल, पलीकडे हात लावू नकोस, असं नर्सरीच्या मालकाने दोनदा बजावलं होतं. पण तिथे एका विहिरीवर सुगरणींची घरटी लोंबत होती आणि मी ती बघत बसलो. खोदणाऱ्यांनी लांबून विचारलं, "इथून घेऊ?" मी मान न वळवताच हात हलवला...

पहिली लॉरी भरून कोरमंगलाला एका नव्या बंगल्यावर गेली. दुसरीसाठी ढीग लागला तेव्हा मी उठून आलो. माती इतकी काळी, भुसभुशीत की मलाच कौतुक वाटलं. तेवढ्यात फावडं पायावर पडलं आणि मी खणखणीत मराठीत एक शिवी हासडली.

"शिवी तू कशाला देतोस रे? माती माझी गेली!"

वळून बघतो तर बांधावर साठीची एक बाई, पदर खोचलेला, हातात विळा. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेलं मराठी घर, बोलण्यात मधे मधे कन्नड. सगळे त्यांना अक्का म्हणत. भाजी काढून त्यांनी वाफे मोकळे ठेवले होते, ते खोदणाऱ्यांना पडीक वाटले.

मी म्हटलं, "अक्का, चुकलं. दुसरी माती आणून टाकतो."

"दुसरी कुठली? तुझ्या नर्सरीच्या कुंडीतली?"

मग कळलं. लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळ्यात तळं आटलं की अक्का तिथला गाळ डोक्यावरून आणून या वाफ्यांत पसरत. अर्धं आयुष्य वाहून आणलेली माती होती ती.

"आता जाऊन बघ तळ्यात," त्या म्हणाल्या. "वरच्या लेआउटचं गटार, फुटक्या विटा, सिमेंट. ते घालू माझ्या दंटूला?" दंटू म्हणजे आपला माठ. त्यांचं घर पालेभाजीवर चालायचं, आणि दोन दिवसांत बी टाकायचं होतं. ही माती गेली की पुन्हा होणार नव्हती... हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

तेवढ्यात लॉरी रिकामी होऊन परत आली. ड्रायव्हर मुनियप्पाने सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. "चल, निकल. बुड्ढी क्या कर लेगी?"

खोटं कशाला बोलू... मी निघालो होतो. पण लॉरीपाशी पोचतो तर अक्का केबिनमध्ये चढून माझ्याच जागेवर बसलेल्या. "सरी, बरं, चल. कुठे टाकलीस दाखव."

कोरमंगलाच्या त्या बंगल्याच्या फाटकाशी ढीग तसाच होता. घरमालकांना मी जे झालं ते सरळ सांगितलं. ते बिचारे म्हणाले, "न्या तर मग. पण माझ्या बागेत काही जगत नाही हो." खरंच होतं. बांधकामाचा चुना, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, आणि त्यात गुलाबाच्या वाळलेल्या काड्या. अक्कांनी विळ्याने जमीन उकरून पाहिली आणि नुसतं च्‌ च्‌ केलं.

आम्ही माती भरली. शेवटची दोन घमेली उरली असताना अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब. तेवढी राहू दे."

"अक्का, तुमची माती..."

"गांडुळाला पण जागा नाही इथे. त्यांचं पण काही उगवू दे की."

जिची माती गेली होती, ती बाई दोन घमेली ठेवून चालली होती.

परत आलो. मला वाटलं, ओतली की सुटलो. छे! "खालची तांबडी माती वर आली तर उगवेल काय तुझं डोकं? वेगळी कर!" मग आधी तांबडी, तिच्यावर काळी... संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही. मुनियप्पासुद्धा फावडं घेऊन उतरला होता.

दुपारी अक्कांनी रागी मुद्दे आणि पातळ आमटीसारखं सारू वाढलं. मी नाचणीचा तो गोळा आपला चावतोय, चावतोय... "अरे चावू नको, गिळ!" मुनियप्पा हसून हसून लोळला.

नर्सरीतून अर्थातच हाकललं. मी दंटू निघेपर्यंत अक्कांकडेच राबलो. पळून न गेलेलं हे माझं पहिलं काम. पहिली जुडी त्यांनी माझ्या हातात दिली... तेवढा मान मला आधी कुणी दिला नव्हता.

दशक संपता संपता तळ्याकडून येणारे पाट बुजले. अक्का लेकीकडे के. आर. पुरमला गेल्या, आणि शेतात इमारतींच्या पायाचे खड्डे पडले. काळी माती सगळ्यात आधी उचलली गेली म्हणे.

त्याच सुमारास कोरमंगलाला त्या बंगल्यावरून गेलो. कंपाउंडवरून कढीपत्ता रस्त्यावर झुकला होता, चांगला डेरेदार. मालकांना विचारून एक डहाळी घेतली आणि कितीतरी वेळ नाकाशी धरून उभा राहिलो.

अक्कांच्या शेतातलं माझ्या ओळखीचं आता तेवढंच उरलंय... ती दोन घमेली त्यांनी त्या दिवशी परत नेली नाहीत म्हणून.