पेवाचा कंदील

"ज्याच्या पेवांना तुम्ही सील ठोकलंत, त्याच्याच गादीवर तक्क्याला टेकून बसणार? बाहेर तोंड कसं काढू मी?" शालूबाईने परात चुलीपुढे आदळली.

"हळू बोल," दादासो म्हणाला. "मागं साळू भांडी घासतीय."

"घासू दे. उद्या सगळ्या सांगलीला कळणारच आहे. तिच्यापासून काय लपवायचं?"

धोंडुबाई उंबऱ्याशी बसून खलबत्त्यात पान कुटत होती. लेकाची बाजू घ्यायची संधी ती कधी सोडत नसे. "आगं, सरकारनं काय दिलं त्याला? एक टोपी आन् एक कंदील. लालासाहेब पेढीवर बसवतोय, वर नळाचं घर देतोय. तुज्या बापाच्या सात पिढ्यांनी नळ बघितलाय का?"

"नळ नव्हता आत्याबाई, पण कुणाच्या दारात मिंधेपणही नव्हतं."

"व्हय, मिंधं व्हायला दार तरी लागतं की!" म्हातारी म्हणाली आणि तिने कुटलेलं पान दाढेखाली धरलं.

शालूबाईच्या एवढं पेटण्याला कारण होतं. दादासो अकरा वर्षं बाजारखात्यात पेवांचा इन्स्पेक्टर होता. हरिपूरच्या वाटेला व्यापाऱ्यांची हळद जमिनीखाली, माणसाच्या दुप्पट-तिप्पट खोल पेवांत पुरलेली असे. पेव उघडलं की आत कोंडलेली हवा विषासारखी. म्हणून इन्स्पेक्टरने आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नाही. नीट जळली तरच हमालाने उतरायचं. ज्या व्यापाऱ्याला एवढाही दम निघत नसे, त्याच्या पेवाला दादासो सील ठोकी. लालासाहेबाच्या पेवांना त्याने दोनदा ठोकलं होतं. तेव्हा लालासाहेबाने आंब्यांची पाटी घरी पाठवली होती आणि शालूबाईने ती गड्याच्या डोक्यावर तशीच परत चढवली होती. ही गोष्ट तिने चार आळ्यांत सांगितली. पुढे हळदीकुंकवाला गेली की पहिलं कुंकू तिला लागायचं. त्या कुंकवावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. नवऱ्याचा पगार बेताचा, घर भाड्याचं, पाणी विहिरीचं. पण गल्लीत तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन त्या कंदिलाचं होतं.

कंदील सरकारी होता, पितळी, बुडावर नंबर कोरलेला. राजीनाम्याबरोबर दादासोने तो जमा केला. घरातली खुंटी रिकामी झाली.

"आणि लालासाहेबाची ही अट कसली?" शालूबाई काही थांबेना. "साळूला सोमवारच्या आत आटपाडीला भावाकडं धाडा म्हणे. सोमवारी मामलेदारांची चौकशी आहे, म्हणून?"

दादासो जानव्यासारखा अंगावरचा पंचा उगाच सारखा करत राहिला.

साळूचा नवरा केरबा लालासाहेबाच्या पेवावर हमाल होता. चैत्रात पेवात उतरला तो वर आला नाही. दादासोने अहवाल लिहिला: कंदील सोडला, ज्योत नीट जळत होती, म्हणून परवानगी दिली, माणूस दारू प्यालेला होता, दोरीवरून निसटला. त्यावर हमालांनी अर्ज केला, म्हणून ही चौकशी. साळू आधीपासूनच शालूबाईकडे धुण्याभांड्याला होती. तेरावा झाला आणि ती पुन्हा कामाला आली. शालूबाईने तिला आपलं एक जुनं लुगडं दिलं. तेही चार आळ्यांना माहीत होतं.

"अहवाल खरा आहे ना?" शालूबाईने विचारलं.

"लिहिलाय तसा आहे."

"मग एका रांडमुंड बाईला भिता कशाला? मी स्वतः तिला मामलेदारांपुढं नेऊन उभी करीन. बघू लालासाहेब काय करतो ते!"

"शालू, तू मागं जाऊ नकोस," दादासो एकदम म्हणाला. पण नको म्हटलं की तेच करायचं, हा तिचा स्वभाव. ती परसात गेली.

साळू राखेने पातेलं घासत होती. शालूबाई उभी राहिल्यावर तिने पदर सावरला.

"साळू, सोमवारी काय सांगणार आहेस?"

"काय सांगनार वैनी? नवरा माळकरी हुता म्हनून सांगनार. आयुष्यात थेंब शिवला न्हाई त्यानं. मेलेल्या मानसाला दारुडा म्हनत्यात. तेवढं फुसून टाका म्हनते, मला बाकी काय नगं."

"बरोबर आहे. भ्यायचं नाही. मी आहे तुझ्याबरोबर."

साळूचे डोळे भरले. कुणी चांगलं बोललं की ती फार बोलायची, तशी बोलू लागली. "त्या दिशी मी हितंच हुते की वो. शकूताईला बगाया कराडची मानसं आल्ती. च्याला स्टो पेटवायचा म्हनला तुमी, आन् घासलेट न्हाई. कंट्रोलच्या दुकानात बी न्हाई. तुमी म्हनला, कंदिलातलं वत. मी वतलं. मग काच राखंनं पुसली आन् कंदील खुटीला लावला. हात धुत्येय तवर गुंडा हमाल वरडत आला, साळे, केरबाला काडलाय भायेर..."

शालूबाई विहिरीच्या कठड्याला टेकली.

पाहुण्यांपुढे चुलीचा धूर नको म्हणून तिने स्टोव्ह काढला होता. स्टोव्ह गल्लीत तिच्याकडेच होता. दादासो टोपी घालून दारात आला होता, खुंटीकडे पाहून म्हणाला होता, "कंदील?" आणि तिने पोह्यांच्या बश्या भरता भरता, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं, "एक दिवस कंदील नाही नेला तर काय पेव पळून जातंय?" कराडची माणसं हसली होती. मुलाची आई म्हणाली होती, बाई मोठी बोलकी आहे. दादासोही कसनुसा हसला आणि रिकाम्या हाताने गेला. लेकीचं, शकूचं, लग्न तेव्हाच पक्कं झालं. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला.

"सायबांनी दुसरा कंदील नेला आसंल," साळू म्हणाली. "खात्यात लय आसत्यात न्हवं?"

खात्यात पेवांसाठी एकच कंदील होता. शालूबाईला नंबरसुद्धा पाठ होता.

"हे सांगणार आहेस?" तिने विचारलं. "कंदिलाचं?"

"मी कशाला काडू? पर इचारलं तर सांगीन की. खोटं कशापायी बोलू वैनी?" आणि मग, जरा थांबून, "का वो? सांगू नगं का?"

तिच्या हातातलं पातेलं अजून राखेने भरलेलं होतं. शालूबाईने त्या हातांकडे पाहिलं. मग घासलेटच्या डब्याकडे पाहिलं. तो न्हाणीच्या कोपऱ्यात होता, निम्मा भरलेला. लालासाहेबाच्या पेढीवरून कालच आला होता, आणि सकाळपासून त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत तिने भांडण चालवलं होतं.

तिने डबा उचलला. बूच काढून निम्म्याच्याही निम्मं तेल मोरीत सोडलं. साळू बघत राहिली. "वैनी, आवं! तेल चाललं की वो!"

शालूबाईने बूच लावलं. डबा घेऊन ती आत आली आणि सगळ्यांना दिसेल असा चुलीपुढे ठेवला. साळू पातेलं तसंच हातात घेऊन मागोमाग दारापर्यंत आली.

दादासोने डब्याकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. दोघांना एकमेकांचं पुरतं समजलं. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. इतकं लख्ख कधी समजलं नव्हतं.

"काय झालं गं?" धोंडुबाईने बत्ता थांबवला.

"साळू घासलेट चोरते," शालूबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बरेच दिवस संशय होता, आज हाती लागली. चोराच्या शब्दाला मामलेदार काय किंमत देणार? उद्या सकाळच्या मोटारीनं ती आटपाडीला जाईल. लुगडं मी दिलेलं आहे, ते इथं ठेवून जाईल. आणि आत्याबाई, तुम्ही आवराआवर करा. आपण शुक्रवारी नळाच्या घरात जातोय."