चमचाभर दही

मागच्या आठवड्यात गुरुवारी माझ्या मुलीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. झालं नाही... चमचाभर दह्यामुळे.

ईश्वरी पाच वर्षांची आहे. तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. चष्मा झाला, आठ महिने चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून झाली. आता आणखी उशीर नको, नाहीतर त्या डोळ्याची नजर कायमची कमी राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्यात शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाला डोळ्यातलं कळतं. "तिरळी पोरगी नशीबवान असते, कशाला हात लावताय," असं शेजारच्या काकू मला जिन्यात अडवून सांगतात. पहिली तारीख सर्दीमुळे गेली. दुसऱ्या तारखेच्या आधी आठवडाभर मी घरात आइस्क्रीम, ताक, गार पाणी सगळं बंद केलं आणि ऑफिसमधून पुन्हा रजा मागितली.

लहान मुलांना पूर्ण भूल देतात, त्यामुळे सकाळी पोटात काही जायला नको. हे मी इतक्या वेळा सांगितलं, की ईश्वरी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाठ म्हणून दाखवायची. स्वयंपाकघराच्या दारावर कागदही चिकटवला होता...

दवाखान्यात सिस्टरनी तिला विचारलं, "सकाळी काय खाल्लंस बाळा?"

ईश्वरी म्हणाली, "काहीच नाही. फक्त दही-साखर."

मी सासूबाईंकडे बघितलं. "हातावर चमचाभर दिलं की," त्या म्हणाल्या. "त्ये काय खानं हाय व्हय? चांगल्या कामाला निगताना देत्यातच."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी लगेच नकार दिला. भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. पुढच्या गुरुवारी या, म्हणाले.

मला इतका राग आला होता की रडूही येईना. रिक्षात ईश्वरीला तेवढी भूक लागली होती.

माझे मिस्टर, सुनील, जाऊन दीड वर्ष झालं. त्याबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही, आजही फार लिहिणार नाही. घरात आता मी, सासूबाई आणि ईश्वरी.

घरी आल्यावर मात्र मी सुरुवात केली. "आई, किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला..." त्या दह्याची वाटी घासत होत्या. वर न बघताच बोलल्या.

"सुनील नव्या नोकरीवर निगाला, तवा वाटी घिऊन मी दारापतुर आले हुते. तवर त्यानं गाडी चालू केली. म्हनला, आई, आल्यावर खातो."

अपघात त्याच दिवशी झाला. बाकी सगळं मला माहीत होतं... वाटीचं माहीत नव्हतं. दीड वर्ष आम्ही एकाच घरात राहतोय.

राग लगेच गेला असं नाही.

परवा तिसरी तारीख होती. निघायच्या वेळी सासूबाई दारापासून लांब, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुद्दाम लांब, हे कळत होतं.

"आई, दही आणा," मी म्हणाले.

"नगं बाई. परत पोरीचं राहील."

"मला द्या. तिच्या वाट्याचं मी खाते."

त्यांनी माझ्या हातावर दही घातलं. थोडं बाहीवर सांडलं. ईश्वरी खालून बघत होती.

"मम्मी, आता तुझं ऑपरेशन होणार नाही," ती म्हणाली.

तिचं झालं. डोळा लालभडक आहे, पण सरळ आहे. औषधाचे थेंब घालू देत नाही, आम्हा दोघींना तिला पकडावं लागतं. काकूंनी जिन्यात "आधी जास्त गोड दिसत होती" म्हणून सांगितलंच...

आज तपासणीला निघताना ईश्वरीनं स्वतःच आजीपुढे हात केला. आज खायला बंदी नव्हती. ती एकेक कण चाटत बसली, आणि खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता. एरवी मी ओरडले असते.

म्हटलं, वाजवू दे... खाऊनच जाऊ.