चहाचा भोंगा

आमचे शेजारी संकटराव. नाव अर्थातच खरं नव्हे, कंपनीनं ठेवलेलं. तयार कपड्यांच्या त्या कंपनीत ते जोखीम व्यवस्थापक होते. काय काय वाईट घडू शकतं याचा विचार करायचा त्यांना पगार मिळे. आम्ही बाकीचे शेजारी हे काम फुकट करत होतो.

त्यांची खरी डोकेदुखी होती आगीचा सराव. भोंगा वाजला की सगळ्यांनी जिन्यानं आवारात उतरायचं. पण उतरतंय कोण? शिवणयंत्र थांबलं की मुकादम डोळे वटारायचा. शेवटी संकटरावांनी शक्कल लढवली: सरावाला खाली चहा-बिस्किटं! पुढच्या भोंग्याला मजले धडाधड रिकामे. मालकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या कंपन्यांचे लोक ही युक्ती शिकायला येऊ लागले.

उतरत नसे तो एकटा, तिसऱ्या मजल्यावर कापड बेतणारा. आणि तो निघाला संकटरावांचाच मेहुणा, बायकोचा पाठचा भाऊ.

"भाऊजी, मला मधुमेह. चहा नको, बिस्किटं नकोत. एवढे जिने उतरून काय तुमचं तोंड बघू?"

"रोज जेवताना बघतोसच की! ऊठ मुकाट्यानं."

"गुडघे बोलतात हो. ताईला सांगेन हं, छळतात म्हणून."

संकटराव हसले. घरचाच माणूस, त्याला काय नियम लावायचे? "बस बाबा," म्हणाले, आणि खाली येऊन 'सगळे उतरले' असं मालकांना कळवून मोकळे झाले. पुढं प्रत्येक सरावाला हेच.

मग एका दुपारी चिंध्यांच्या खोलीनं पेट घेतला. भोंगा वाजला. माणसं खिदळत उतरली, काहींच्या हातात पेलेसुद्धा होते. चहाचं टेबल दिसेना तेव्हा चेहरे बदलले. संकटराव जिन्याकडे धावले. "वर आमचा माणूस आहे!" धूर इतका होता, की दोघांनी त्यांना कमरेला मिठी मारून मागं खेचलं.

मेहुणा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सापडला. सराव समजून बसला होता. धूर दिसल्यावर निघाला, तोवर फार उशीर झाला होता.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"जावईबापू, खरं सांगा. माझ्या लेकराला भोंगा ऐकूच आला नसेल ना?"

'नाही' म्हटलं असतं, तर म्हातारी निदान भोंग्याला शिव्या देऊन रडली असती. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, म्हणावं.

"आला असणार, आई," संकटराव म्हणाले. "बसून राहायची सवय मीच लावली."

त्यांची बायको उठली. आईला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि आतून कडी घातली.

संकटराव बाहेर बसून राहिले. उठावं की बसावं, हे आम्हालाही कळेना.